अंग दुखतंय म्हणणारी बाई

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत." हे वाक्य ऐकून खरं तर आनंद व्हायला पाहिजे. पण हे वाक्य ऐकून रडू आलेल्या बायका आपल्या ओळखीत किती आहेत ते बघा. दोन-दोन वर्षं मान, खांदे, पाठ, मांड्या दुखतायत. सकाळी उठताना अंग लाकडासारखं होतंय. झोप लागते, पण झोपून उठल्यासारखं वाटत नाही. साधी दुधाची पातेली उचलताना मनगटातून कळ जाते. आणि कागद म्हणतो, काही नाही. घरी आल्यावर नवरा विचारतो, काय म्हणाले डॉक्टर? ती सांगते, काही नाही म्हणाले. मग स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येतो, "काही नाही म्हणाले न्हवं? मग ऊठ की आता, कणिक मळायची हाय."

मला या "काही नाही"शी भांडायचं आहे.

एक्स-रे हाड मोडलंय का ते दाखवतो. एमआरआयमध्ये नस दबलीय का ते दिसतं. रक्ताच्या तपासण्यांत सूज, संसर्ग, संधिवाताची काही लक्षणं कळतात. यातलं काही सापडलं नाही याचा अर्थ एवढाच, की ज्या गोष्टी या यंत्रांना दिसतात त्या इथं नाहीत. दुखत नाही असा त्याचा अर्थ कुणी आणि कधी लावला? काही दुखण्यांत बिघाड हाडात किंवा स्नायूत नसतो, तर दुखण्याचा निरोप पोचवणाऱ्या मज्जासंस्थेतच असतो. साधा दाब असला तरी मेंदूपर्यंत जाईतो त्याचा ठणका झालेला असतो. याचा फोटो कुठल्याही मशिनवर निघत नाही. फायब्रोमायल्जिया हे यातलं एक मोठं नाव, आणि हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. 1990 साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं त्याचे निकष ठरवले. अंगावरच्या 18 जागा दाबून बघायच्या आणि त्यांतल्या किमान 11 दुखल्या पाहिजेत, असं त्यात होतं. 2010 साली त्यांनीच ते बदललं. आता जागा दाबण्यापेक्षा किती ठिकाणी दुखतं, थकवा किती, झोप कशी, डोकं जड होऊन विसरायला होतं का, हे बाईला विचारायचं आणि त्यावरून निदान करायचं. म्हणजे शास्त्रच सांगतंय, की इथं रिपोर्ट म्हणजे त्या बाईचं बोलणं. दुखण्यावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेनं 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली. माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, असं त्यांनी तिच्याबरोबर स्पष्ट लिहून ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत दीर्घकालीन दुखणं हा स्वतःच एक आजार मानलाय, आणि ती यादी 2022 पासून लागू आहे.

आणि आमच्या गल्लीतले डॉक्टर अजून "टेन्शन घेऊ नका वहिनी" यावरच अडकलेत.

त्यांची अडचण मला कळत नाही असं नाही. बाहेर पन्नास माणसं बसलेली, कुणाला ताप, कुणाला साखर. पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या बेळगाव भागात जास्तच जाणवते. आमच्या बाईजवळ दुखण्याला किती शब्द आहेत! ठणकतं, सलतं, चमकतं, आग होते, मुंग्या येतात, रग लागते, ओढ लागते, कणकण वाटते, अंग मोडून येतं, हातापायातलं त्राण जातं. यातला एकही शब्द दुसऱ्यासारखा नाही. आग आणि मुंग्या म्हटलं की नसेकडे बघायला पाहिजे. सकाळचा आखडलेपणा तासभर जात नसेल तर सांध्यांकडे. डॉक्टर कानडी किंवा इंग्रजीतून शिकलेले, बाई मराठीतून सांगणार, मधे कंपाउंडर "मै-कै नोवु" म्हणून मोकळा होतो, आणि कागदावर उतरतं ते फक्त "बॉडी पेन". दहा शब्द गेले आणि एक उरला. मग त्या एका शब्दाला एक पेनकिलर आणि एक ॲसिडिटीची गोळी.

बाईच्या दुखण्याला मनाचं म्हणून बाजूला सारायची सवय काही आपणच लावली नाही म्हणा. हिस्टेरिया हा शब्दच गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलाय. बाईचं न समजणारं कुठलंही दुखणं त्या पोत्यात टाकायचे, आणि अमेरिकेच्या मानसरोगांच्या अधिकृत यादीतून ते नाव जायला 1980 साल उजाडलं. आपल्याकडे पोतं वेगळं, शब्द वेगळे: सोंग, नखरे, माहेरचे लाड. पाळीत गुरासारखी लोळणारी मुलगी "सगळ्यांनाच दुखतं" ऐकत वाढते, आणि एंडोमेट्रिओसिस हे नाव कळेपर्यंत तिची अनेक वर्षं गेलेली असतात. आणि मनाचंही जरा दुखत असलं तर ते दुखणं नव्हे की काय? वर्षानुवर्षं दुखत राहिल्यावर, आणि खोटी ठरल्यावर, कुणाचं मन जागेवर राहील? उदासी दुखण्याच्या मागनं आलेली असते, आणि आपण तिलाच पुढं उभं करून सगळा दोष तिच्यावर टाकतो.

अशी बाई मग जाते कुठं?

हाताकडे जाते. हे मात्र आपल्याला नवं नाही. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, लचकलं की हाडवैद्य, बाळंतिणीला तेल लावणारी बाई तर घरोघर. आता त्या जागी शहरात पाटी दिसते: ऑस्टिओपॅथी. निपाणीच्या माझ्या एका नात्यातल्या वहिनी अशा एका ठिकाणी जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "आठ वर्षांत पयल्यांदा कुणीतरी माझ्या पाठीला हात लावून बघितलं गं." त्यांना बरं वाटलं का, हे मी नंतर विचारलं. आधी ते वाक्यच डोक्यात राहिलं. आठ वर्षं त्या पाठीचे फोटो काढले गेले, त्या पाठीला गोळ्या दिल्या गेल्या, आणि त्या पाठीला हात कुणीच लावला नाही!

ही ऑस्टिओपॅथी आली कुठून ते सांगायला पाहिजे, कारण पाटीवर ते नसतं. अँड्र्यू टेलर स्टिल नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. 1864 साली मेनिंजायटिसनं त्यांच्या घरातली तीन मुलं गेली. त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. शरीराची हाडं, स्नायू, रक्ताभिसरण नीट राहिलं तर शरीर स्वतःच सावरतं, असा विचार त्यांनी 1874 साली मांडला आणि 1892 साली मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी शाळा काढली. पहिल्याच तुकडीत बायकांना प्रवेश दिला, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. पुढं अमेरिकेत ही विद्या मुख्य वैद्यकशास्त्रात मिसळली. तिथला ऑस्टिओपॅथिक डॉक्टर पूर्ण डॉक्टर असतो, औषधं लिहितो, ऑपरेशनं करतो. इंग्लंडमध्ये तो औषधं लिहिणारा डॉक्टर नसतो, पण 1993 च्या कायद्यानं त्याची नोंदणी सक्तीची आहे. चुकला तर त्याला जाब विचारणारी संस्था आहे. आपल्या देशात ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी यांना जशी कौन्सिलं आहेत तशी याला नाही. म्हणजे एकच पाटी तिथं एक सांगते आणि इथं काहीही सांगू शकते. पाटीमागचा माणूस चार वर्षं शिकलाय की चार दिवस, हे तपासायला आपल्याजवळ वही नाही.

चांगला शिकलेला माणूस असेल तर तो काय करतो? अर्धा तास, पाऊण तास देतो. कधीपासून, कुठून सुरू झालं, बाळंतपणं किती, पडला होता का, झोप कशी, सगळं विचारतो. हातानं हळूहळू चाचपतो, ताणतो, सैल करतो. लांबलेल्या कंबरदुखीत याचा काहीसा उपयोग होतो असं काही अभ्यासांत दिसलंय. फायब्रोमायल्जियात मात्र पुरावा फार तोकडा आहे. त्या आजारात युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी सगळे उपचार तपासून ठामपणे एकाच गोष्टीची शिफारस केली, ती म्हणजे व्यायाम. तोही हळूहळू, झेपेल तसा वाढवत नेलेला. तेव्हा हातानं अंग सैल करून देणारा माणूस जर बाईला म्हणत असेल, की आता उद्यापासून दहा मिनिटं चालायचं, पुढच्या आठवड्यात पंधरा, तर तो तिच्या कामाचा. "फक्त माझ्याकडे येत राहा" म्हणणारा फक्त स्वतःच्या कामाचा.

आणि हे दुसरेच जास्त दिसायला लागलेत. मोबाईलवर ते व्हिडिओ बघता की नाही? मान धरली, झटका दिला, कट्‌कन् आवाज, आणि बाई हसत उठून उभी. तो आवाज म्हणजे सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी होण्याचा, बोटं मोडताना येतो तोच. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. पण बाईला सांगतात, "तुमचा मणका सरकलाय. उजवा पाय अर्धा इंच आखूड झालाय. दहा सिटिंग घ्यायला लागतील."  या एका वाक्यानं काय होतं बघा. ती घरी येऊन वाकायला भिते, चालायला भिते, नातवाला उचलायला भिते. दुखणं होतं तेवढंच, त्यात भीतीची भर. मान झटकन फिरवल्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्यात. क्वचित घडतं, पण घडतं. पाळी गेलेल्या बाईची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, तिच्या पाठीवर गुडघा देऊन झटका मारणारा माणूस वैद्य नव्हे. पैशांचं तर बोलूच नये. औषधाला दोनशे रुपये मागताना जी दहादा विचार करते ती दहा सिटिंगचे पैसे भिशीतून काढून, नवऱ्याला न सांगता देऊन येते. का देते? कारण तिथं कुणी तिला खोटी म्हणत नाही. डॉक्टरांनी आणि आपण मिळून तिला त्या दारात नेऊन सोडलंय.

आपण म्हणजे कोण, ते आता बोलते. रागावलात तरी चालेल.

आपल्या समाजात दुखणाऱ्या बाईला दोन उत्तरं तयार असतात. एक, असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, समतेनं भोगायचं. दुसरं, कण्हू नको, आर्तध्यान होतं. देवळाच्या ओसरीवर हे मी इतक्यांदा ऐकलंय, की सांगणाऱ्यांचे चेहरेसुद्धा डोळ्यांपुढं आहेत. सांगणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. त्यांना मला विचारायचं आहे, असाता वेदनीय कर्म बांधलं कशानं जातं ते तुम्ही वाचलंय का? तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ते स्पष्ट आहे: स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख देणं, शोकात टाकणं, रडवणं. मग जिचं दुखतंय तिला सोंगाडी म्हणून रडवणारी माणसं कुठल्या कर्माचा साठा करतायत? त्याच्या पुढच्याच सूत्रात साता वेदनीयाची कारणं आहेत, आणि त्यांत पहिली जीवमात्राविषयीची अनुकंपा आहे. कर्मसिद्धांत दुसऱ्याच्या दुखण्याचा निवाडा करायला दिलेला नाही. आपण स्वतः कसं वागायचं त्यासाठी आहे. साखर वाढली म्हणून मामंजींना कुणी "उदय आहे, भोगा" म्हणून इन्सुलिन बंद केल्याचं मी तरी ऐकलं नाही. बायपासला समाजातून वर्गणी निघते, आणि निघावीच. कर्माचा उदय नेमका बाईच्या अंगदुखीपाशीच कसा आठवतो?

आणि वैयावृत्य. अंतरंग तपाच्या सहा प्रकारांतलं एक. ज्यांची सेवा करायची त्या दहांत आचार्य, उपाध्याय, तपस्वी यांच्याबरोबर ग्लान हा वेगळा शब्द आहे, ग्लान म्हणजे आजारी. ते दहाही मुनिसंघातले, हे मला कुणी शिकवायला नको. पण आजाऱ्याच्या अंगाला हात लावून सेवा करणं ज्या धर्मात तपात मोजलंय, त्या धर्माच्या घरात काय दिसतं? चातुर्मासात आर्यिका माताजींच्या पायांना तेल लावायला आपण रांगा लावतो, नंबर मागं गेला तर रुसतो. लावावंच तेल, त्या शेकडो मैल पायी चालून आलेल्या असतात. पण त्याच हातांनी घरी येऊन सुनेच्या पाठीला तेल लावलं तर पुण्य कमी पडतं का? ती पण दिवसभर उभीच असते की हो.

आता एक गोष्ट अशी, की जिच्यावर बोललं की काही जणींना धर्मावर टीका झाल्यासारखी वाटते. बी-12 हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत, कडधान्यात नसतं. आपल्याला ते मिळणार फक्त दूध, दही, ताकातून. घरातलं दूध कुणाच्या वाट्याला जातं? मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या, मग चहाला. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना वाढून उरलेल्या दहा मिनिटांत जी उभ्यानं जेवते, तिच्या ताटात दही असतं का बघा. वर एकाशनं, उपवास, भाद्रपदातले दहा दिवस. बी-12 कमी झालं की हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा, जिभेची आग, सगळं येतं. थायरॉइड बिघडलं, रक्त कमी झालं, डी जीवनसत्त्व कमी पडलं तरी अंग दुखतं. तेव्हा "वयामुळं" म्हणून सोडायच्या आधी आणि मोठं नाव द्यायच्याही आधी या चार साध्या तपासण्या करून घ्यायच्या. बी-12 ची गोळी जिवाणूंपासून आंबवून बनवतात, तिच्यात मांसाहार नाही. कॅप्सूलच्या जिलेटिनची शंका असेल तर कॅप्सूल नको, गोळी द्या म्हणून मागायचं. व्रत मोडायला कुणी सांगत नाही. दह्याची वाटी आधी तिच्या पुढं ठेवा, एवढंच.

आणि जिचं दुखतंय तिला थोडं सांगते. तारखेची वही ठेव. कुठं, कसं, किती वेळ, त्या दिवशी काय केलं होतं, झोप किती, पाळी कधी. मराठीत लिही, तुझ्याच शब्दांत, आग तर आग आणि सल तर सल. डॉक्टरांकडे जाताना वही ने, सोबत घरातलं एक माणूस ने, शक्यतो नवराच, म्हणजे "काही नाही" त्यालाही त्याच्या कानांनी ऐकायला मिळेल आणि त्याच्यापुढं प्रश्न विचारता येतील. संधिवाततज्ज्ञाकडे पाठवा म्हणून मागायला लाजू नको. ताप, एकाएकी वजन उतरणं, पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काही असेल तर कुणाच्या हाताकडे न जाता आधी दवाखाना. हातानं उपचार करणाऱ्याकडे गेलीस तर शिक्षण कुठं झालं ते तोंडावर विचार, मानेला झटका देऊ द्यायचा नाही, आणि पॅकेजचे पैसे आगाऊ द्यायचे नाहीत. नवऱ्याला चपाती लाटता येत नसेल तर कणिक तरी मळता येते. मनगट त्याचं दुखत नाही.

राहता राहिला समाज. औषधदान हे आपल्या चार दानांतलं एक. त्या नावाखाली आपण दरवर्षी शिबिरं घेतो: मोतीबिंदू, साखर, रक्तदाब, रक्तदान. चांगली कामं आहेत. पण अंग दुखणाऱ्या बायकांसाठी एक दिवस ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आपल्या गावात फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. मंगल कार्यालय वर्षातले दोनशे दिवस रिकामं पडलेलं असतं. आठवड्यातून दोन दुपारी तिथं एक पदवीधर फिजिओथेरपिस्ट बाई बसवायच्या, एकेकीला पुरा अर्धा तास, हात लावून तपासणं, व्यायाम शिकवणं, पुढं कुणाकडे जायचं ते सांगणं. याला खर्च किती येईल? फरशी बदलायला गेल्या खेपेला जेवढा आला त्याच्या व्याजात वर्षं निघतील. दशलक्षणात कमिटीची माणसं पावतीपुस्तक घेऊन दारात येतील. रक्कम सांगायच्या आधी त्यांना आत बोलवा, पाणी द्या, आणि यातलं यंदा काय करणार आहात ते विचारा. "बघू" म्हणाले तर पावतीवर "औषधदान, बायकांच्या दुखण्यासाठी" असं लिहून मागा आणि मगच पैसे द्या.